एक थेंबही बाहेर न जाणारं घर

“पण का? का येणार नाही तुम्ही?”

कासमबाबा पिराच्या तकियाच्या ओट्यावर बसून चिंचा सोलत होते. टरफलं एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या बाजूला.

“बाबा, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकलं की.”

“मग बोला ना!”

“येणार न्हाई, हे बोललो. आता आनि काय बोलू?”

श्रीकर ढोबळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता एक म्हातारा जेवायला येत नाही म्हणाला, त्यात एवढं भडकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण हा म्हातारा साधा नव्हता आणि जेवणही साधं नव्हतं. दुसऱ्या दिवशी श्रीकरची वास्तुशांत होती. करंजदऱ्याच्या डोंगरावर दोन वर्षं रक्ताचं पाणी करून त्यानं आपल्या माणसांसाठी घर बांधलं होतं. पुण्यातला नावाजलेला आर्किटेक्ट तो. दुसऱ्यांची घरं बांधण्यात वीस वर्षं गेली होती, हे पहिलं स्वतःचं.

आणि कासमबाबा म्हणजे साठ वर्षं गवंडीकाम करून थापी खाली ठेवलेला माणूस. बायको गेली तसे ते घाटमाथ्यावरच्या पिराच्या तकियात येऊन राहिले. लोक त्यांना फकीर म्हणत. श्रीकर गुरू म्हणे. कॉलेजात असताना दोन उन्हाळे त्यानं त्यांच्या हाताखाली चुना मळला होता, हाताची सालं निघेपर्यंत. दगडाचं तोंड कुठलं नि पाठ कुठली, माती कधी मुरली म्हणायची, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. या माणसानं शिकवलं होतं.

तोच आता चिंचा सोलत बसला होता.

“उद्या पहिला पाट तुमचा ठेवलाय मी. पाहुण्यांना सांगून ठेवलंय, माझे गुरू येणार म्हणून.”

“त्यावर दुसऱ्या कुनाला बसव.”

“घरात काही चुकलंय का? चुकलं असेल तर तोंडावर सांगा. तुम्ही दोनदा बघून गेलात.”

“भिंती चांगल्या हाईत.”

“फक्त चांगल्या?” श्रीकरचा आवाज चढला. “सिमेंटचं पोतं लावलं नाही मी. जागेवरचीच माती, जागेवरचाच दगड. कौलं जुन्या बाजारातली. हिरड्याचं झाड मध्ये आलं तर घर वाकवलं, झाडाला हात लावला नाही. दिवसा दिवा लागत नाही, उन्हाळ्यात पंखा लागत नाही. लांबून लांबून लोक येतात, फोटो काढून नेतात. म्हणतात, घर असं असावं. डोंगराला कळलंसुद्धा नाही म्हणे, घर कधी झालं ते!”

“डोंगराला इचारलं का त्यांनी?”

“बाबा, थट्टा नको.”

“थट्टा न्हाई.”

श्रीकर ओट्यासमोर येरझाऱ्या घालू लागला. त्याला एक जुनी गोष्ट आठवली आणि त्याचा संताप आणखीच उफाळला.

“त्या तोडकर शेठच्या बंगल्यात गेला होतात ना तुम्ही? गेल्या वर्षी? पोटभर जेवलात, हात उचलून दुवा दिलीत. तो बंगला कसला? सगळा स्लॅबचा! टेकाडाचा कान कापला त्यानं जेसीबी लावून. वर गुलाबी रंग! तिथं तुम्ही जाता. आणि मी तुमचा शब्द न् शब्द पाळून घर बांधलं, तर माझा उंबरा ओलांडायला तुमचे पाय जड होतात. हा कुठला न्याय?”

बाबांनी एक चिंच तोंडात टाकली. आंबट लागली असावी, एक डोळा बारीक झाला.

“बंगला त्याचा वंगाळच हाय,” ते म्हणाले.

“मग?”

“अक्षत पैली कुनाला दिलीस?”

“म्हणजे?”

“वास्तुशांतीचं आमंत्रण रं. पैली अक्षत कुनाच्या घरी गेली?”

“ग्रामदेवीला. मग तुम्हाला. मग सोयरेधायरे, गावकरी... सगळ्यांना गेली. कुणी राहिलं नाही.”

“खालच्या घराला?”

श्रीकर थांबला.

त्या डोंगरावर एक रीत होती. उतारावर घर बांधायचं तर पहिली अक्षत खालच्या घराला द्यायची. ते घर कुणाचं का असेना, उंबऱ्याशी उभं राहून विचारायचं, की माझ्या मोरीचं पाणी तुमच्याकडे उतरणार, कुठून काढू? खालचा जागा दाखवणार, मग वरचा पाया खणणार. तोडकर शेठसारखा अडमुठा माणूससुद्धा नारळ घेऊन खालच्या धनगरांतल्या तानूबाईच्या दारात गेला होता. रीतीला भ्यायला असेल, लोकांना भ्यायला असेल... पण गेला होता.

श्रीकरला ही रीत ठाऊक होती. याच म्हाताऱ्यानं ती सांगितली होती. आणि त्यावरचं उत्तरही त्यानं कधीचं तयार ठेवलं होतं.

“ती रीत मोरीच्या पाण्यासाठी आहे,” तो ठासून म्हणाला. “माझ्या मोरीचं पाणी खाली जातच नाही. ते कर्दळीच्या वाफ्यात जिरतं, तिथून बागेत जातं. पावसाचं म्हणाल तर कौलांवरचं, अंगणातलं, वरच्या उतारावरचं, सगळं चर काढून तळ्यात घेतलंय. तळाला निळ्या प्लास्टिकचं जाड अस्तर आहे. ओघळसुद्धा वळवून घेतली. माझ्या आवारातून एक थेंबही बाहेर जात नाही, बाबा. एक थेंब! खालच्याला माझा काडीचा त्रास नाही. मग त्याला विचारायचं काय?”

हे बोलताना त्याची छाती फुगली होती. फुगणारच. या एका वाक्यासाठी त्याला टाळ्या मिळाल्या होत्या.

कासमबाबांचा हात चिंचेवरच थांबला. मग त्यांनी सूप बाजूला सारलं, काठी घेतली आणि उठले.

“चल.”

“कुठं?”

“खाली.”

“बाबा, मला शंभर कामं आहेत. भटजी यायचेत, मांडववाले यायचेत...”

बाबा चालायलासुद्धा लागले होते.

ऐंशीच्या घरातला माणूस, पण उतारावर पाय कसा टाकायचा ते त्याला शिकवावं लागत नव्हतं. श्रीकर मागून घसरत, झुडपांना धरत, मनातल्या मनात चरफडत निघाला. खांद्यावरच्या पिशवीत घराच्या नकाशाची गुंडाळी होती. बाबांनी शंका काढली तर उलगडून दाखवू, म्हणून मुद्दाम आणलेली. ती दर दोन पावलांना कशात तरी अडकत होती.

त्याच्या आवाराच्या खालच्या अंगाला ते आले तेव्हा तो नकळत थबकला. वरून ही भिंत कंबरेएवढी होती. तिच्यावर कोपरं टेकून तो संध्याकाळी दरी बघत असे. खालून ती तीन पुरुष उंच होती. दगडावर दगड असा घट्ट, की मुंगीला वाट नाही. दोन वर्षांत तो या बाजूला एकदाही आला नव्हता. त्याचा रस्ता वरून होता.

“झकास बसवलाय दगड,” कासमबाबा म्हणाले. “माझ्यापरास चांगला.”

कौतुक होतं की टोमणा, हे काही श्रीकरला कळलं नाही. बाबा पुढे गेलेही.

आणखी अर्धी घटका उतरल्यावर धनगरांची चार घरं दिसली. त्यांच्या अलीकडे कातळाच्या पोटात एक झरा होता. झरा कसला, कातळाला ओल होती नुसती. तिथून पाणी ठिबकत होतं खालच्या खळगीत, आणि खळगीपाशी एक बाई बसली होती. हातात नारळाची नरोटी. नरोटी खळगीत टेकवायची, भरेस्तोवर थांबायचं, हंड्यात ओतायची, पुन्हा टेकवायची. हंडा गळ्यापर्यंतसुद्धा आला नव्हता.

“तानू,” बाबांनी हाक दिली.

“या बाबा. ऊन झालं की वो तुमाला.” तिनं मागं वळून पाहिलं. “पावनं कोन?”

“वरच्या घराचं मालक.”

तानूबाईची नरोटी हातातच राहिली.

मग ती उठली, पदर सारखा केला आणि काही न बोलता हंड्यातलं तांब्याभर पाणी काढून श्रीकरपुढे धरलं. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बाकीचं. झऱ्यावर दार नसलं म्हणून काय झालं.

श्रीकरचा घसा कोरडा पडला होता. त्यानं तांब्या घेतला. तोंडाला लावणार एवढ्यात त्याची नजर हंड्यात गेली. एवढ्याशा पाण्यातून तांब्याभर गेलं होतं.

“हंडा भरायला किती वेळ लागतो?” त्यानं विचारलं.

“कोंबडा आरवल्यापास्नं बसलीया. अजून भरायचाय.”

“आणि आधी?”

“आधी व्हय?” तानूबाई हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “ह्या दिसात चार घरं पिऊन, साठ मेंढरं पिऊन पानी खाली सांडायचं. वाटंला चिखल व्हायचा. पोरं घसरून पडायची. दोन वरसं झाली, झरा आटत चालला. मेंढरं सोयऱ्याकडं धाडली. आखितीचा सन झाला की आमीबी हितनं उठनार. सात पिढ्या हितं काढल्या, सायेब. दुष्काळात उठलो न्हाई.”

श्रीकर त्या ओलसर कातळाकडे बघू लागला.

“मला वाटलं, झराच म्हातारा झाला,” ती म्हणाली. “दोन डाव नारळ फोडला त्येला. म्हनलं, आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाल बाबा. आन्...”

तिनं एकदम रागानं नरोटी कातळावर आपटली.

“आन् सुनंला बोलले मी! ती लगीन होऊन आली त्याच साली झऱ्यानं अंग चोरलं. तिला म्हनले, तुझा पायगुन वंगाळ. अवदसा म्हनले तिला. सगळ्यांम्होरं! पोरीनं उलटून एक सबूद काढला न्हाई. परवा बाबांनी मला हात धरून वर न्हेलं, तुमच्या भितीला वळसा घालून. ते निळं कापड दावलं, त्यावरचं ते एवढं मोठं पानी दावलं. तवा समजलं. आता मला सांगा, त्या पोरीची माफी कुनी मागायची? मी का तुमी?”

श्रीकरच्या हातात अजून तांब्या होता. तो खाली ठेवावा की प्यावा, हे त्याला कळेना.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

त्यानं बाबांकडे पाहिलं.

“खरंच माहीत नव्हतं, बाबा. मी... सगळा अभ्यास केला होता. वारा बघितला, ऊन बघितलं, झाडं मोजली. दोन वर्षं मोजतोय मी ही जागा!”

“नकाशा हाय न्हवं जवळ?”

“आहे.”

“काढ.”

श्रीकरनं गुंडाळी सोडली. बाबांनी ती कातळावर पसरली, कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. सुरेख नकाशा होता. हिरड्याचं झाडसुद्धा पानापानांनी काढलेलं.

“आता आपन कुठं हाय? बोट ठेव.”

श्रीकर वाकला. घरावर बोट ठेवून तो खाली येऊ लागला. अंगण. बाग. निळं तळं. मग जाड रेघेची भिंत. भिंतीखाली कोरा कागद... आणि त्याखाली एक चौकट.

“ह्या चौकटीत काय लिवलंय? मला वाचाय येत न्हाई.”

श्रीकरनं बोट मागं घेतलं.

“वाच की.”

“माझं नाव,” तो कसाबसा म्हणाला. “नाव... आणि पदव्या.”

बाबांनी मान हलवली. तानूबाईनं वाकून त्या चौकटीकडे पाहिलं, मग आपल्या चार घरांकडे पाहिलं, आणि पुन्हा नरोटी घेऊन खळगीशी बसली.

एक गोष्ट खरी. श्रीकर वाईट माणूस नव्हता. असता तर त्याला राग आला नसता, लाज आली नसती, तो नकाशा गुंडाळून सरळ वर निघून गेला असता. पण माणूस आतून हलला की आधी भांडतो. तोही भांडला.

“मी कुणाचं चोरलं नाही!” तो ओरडला. “आभाळातून पडलं, माझ्या जमिनीत पडलं, ते मी धरलं! यात पाप कसलं? पाणी अडवा म्हणून जो तो सांगत सुटलाय. अडवलं तर हे! आणि कशासाठी अडवलं, विचारा ना एकदा. विचारा!”

“कशासाठी?”

“आईसाठी!”

नरोटी पुन्हा थांबली.

“आमच्या चाळीत नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, आठवड्यातून दोनदा. आई पहाटेपासून हंडे लावून बसायची. एकदा टँकर आला नि झुंबड उडाली, आई खाली पडली. लोक तिच्या अंगावरून पाणी भरत होते. कमरेचं हाड मोडलं तिचं. अजून ती लंगडत चालते. मी नववीत होतो. त्या दिवशी शपथ घेतली, माझ्या घरात कुणी पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघणार नाही. कधीच नाही! चुकलं माझं?”

तानूबाईचे डोळे भरून आले. पण ती ऐकून घेणारी नव्हती.

“तुमच्या आईच्या अंगावरनं ज्यांनी पानी भरलं,” ती म्हणाली, “त्यास्नीबी आया हुत्या, सायेब.”

...

खळगीत ठिबकण्याचा आवाज येत होता. तोही किती हळू.

श्रीकरनं तांब्यातलं पाणी परत हंड्यात ओतलं. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी.

“अस्तर काढतो मी,” तो म्हणाला. “चर फोडतो. ओघळ होती तशी मोकळी करतो.”

बाबा नकाशावरचे धोंडे उचलू लागले.

“उद्याचं एवढं पार पडलं की लगेच. पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी...”

“उद्या तळ्याकाठी पंगत हाय न्हवं?” बाबांनी विचारलं.

श्रीकरचा चेहरा पडला. तळ्याकाठी पंगत होतीच. पाहुण्यांना तळं दाखवायचं होतं. भरलेलं, निळंशार.

“नाही,” तो म्हणाला. “आजच. आत्ता वर जाऊन सुरी लावतो. मांडववाल्यांनाच हाताशी घेतो.”

“घे.”

“पाणी आज जिरलं तरी झऱ्याला यायला दिवस लागतील ना?”

“लागतील. मातीच्या मनावर हाय.”

“आणि पुढे पावसाचं जेवढं पडेल त्यातलं... किती ठेवू मी?”

“तिला इचार.”

श्रीकर तानूबाईकडे वळला. जन्मात एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण कुणाच्या पुढ्यात उकिडवं बसून आपल्या घराबद्दल विचारायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. तो बसला.

“तानूबाई... किती ठेवू?”

तिनं नरोटी भरली, ओतली.

“आमी काय तुमाला तानलेलं ठेवनार हाय व्हय?” ती म्हणाली. “पन आधी खाली येऊ द्या. मग बोलू.”

वाटेवर पैंजण वाजले. दोन बाया येत होत्या, आणि त्यांच्या मागे खाली मान घालून तानूबाईची सून, डोक्यावर हंडा, हातात कळशी. तिघींनी भांडी कातळाजवळ एकामागं एक मांडली आणि सावलीला बसल्या. सुनेनं सासूकडे पाहिलं नाही. सासूनं मात्र पाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली.

श्रीकर ती भांडी बघत राहिला. तीच जुनी भीती परत आली, आणि तिच्यामागोमाग रागही.

“बाबा, तुम्ही सांगितलंत ते मी करतोय. पण एवढं सांगा. तळं गेलं की माझ्या घरात उद्यापासून पाणी नाही. विहीर नाही, नळ नाही, दुसरं काही नाही. आई उद्या कायमची राहायला येतेय. लंगड्या कमरेची बाई. तिला मी काय पाजू? सांगा ना! तुम्हाला काय, तुम्ही फकीर. मी तिच्यासाठी पाणी आणू कुठून?”

कासमबाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकून कातळाजवळची सुनेची रिकामी कळशी मागून घेतली आणि ती श्रीकरच्या हातात दिली.

“सगळ्यांच्या मागं नंबर लाव.”